जुनी खुर्ची उघडायची कशी, भरायची कशी, मढवायची कशी

जुनी खुर्ची नवी करायची ठरलं की आपण पहिल्यांदा काय करतो, तर कापड बघायला जातो. मीपण तेच केलं. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं छान जाडसर कापड मिळालं, घरी येऊन खुर्ची उलटी केली, जुनं कव्हर सोलून काढलं तर आतला फोम हातात आला तो पिठासारखा, अक्षरशः पिवळं पीठ. मग नवीन फोम आणला, तो जुन्यापेक्षा जाड निघाला, आणि ते छान कापड चारही बाजूंनी दोन-दोन बोटं कमी पडलं. ओढून ताणून बसवलं, चार महिन्यांत कोपऱ्यावर फाटलं. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी सांगाडा, मग बैठकीखाली ताणलेले पट्टे (कापडावरचे नव्हे, फोमला खालून आधार देणारे) आणि स्प्रिंगा, मग फोम, कापड सगळ्यात शेवटी. खाली सगळं त्याच क्रमाने लिहिलंय, मध्येमध्ये मी भरकटते तेवढं चालवून घ्या.

ठेवायची की सोडायची

सगळं जुनं फर्निचर वाचवण्याच्या लायकीचं नसतं. कापड, फोम, पट्टे सगळं बदलता येतं पण सांगाडा बदलला की ती दुसरीच खुर्ची झाली. त्यामुळे आधी उलटी करा आणि खालून कच्चं लाकूड कुठे दिसतंय ते शोधा. लाकडाच्या रेषा दिसल्या तर उत्तम, थरावर थर दिसले तर प्लाय आहे, तेही चालतं. भुसा दाबून बनवल्यासारखं दिसलं तर तो पार्टिकल बोर्ड, आणि तो एकदा पाण्याने फुगला की परत बसत नाही, स्क्रूचं भोक एकदा सैल झालं की स्क्रू धरत नाही. त्याच्यावर महागातलं कापड घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

सोफा असेल तर एक सोपी परीक्षा आहे. पुढचा एक पाय साधारण सहा इंच वर उचला. तेवढ्यात दुसरा पुढचा पायसुद्धा जमिनीवरून सुटायला पाहिजे. तो तसाच जमिनीला चिकटून राहिला आणि सोफा मधूनच पीळ खाल्ल्यासारखा वाकला, तर आत काहीतरी तुटलंय किंवा सांगाडाच कमकुवत आहे.

मग किडे. लाकडावर टाचणीच्या टोकाएवढी, एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं असतात ती लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांची, पण भोकं दिसली म्हणजे किडा अजून आत आहेच असं नाही, तो कदाचित कधीच उडून गेला असेल. खात्री करायला खुर्चीखाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवा, कागदावर नवीन पीठ पडलं तर किडा जिवंत आहे, आधी त्याचा बंदोबस्त करा. वाळवी असेल तर मातीच्या बारीक नळ्या दिसतात. आणि ढेकूण बघायचे ते शिवणींच्या खाचांत आणि खालच्या बाजूला स्टेपलच्या ओळीत, काळे ठिपके दिसले की समजा. ढेकूण दिसले तर माझं मत स्पष्ट आहे, ती वस्तू घरात आणूच नका, कितीही सुंदर असो.

खुर्ची नुसती डुगडुगत असेल तर मात्र ते टाकून द्यायचं कारण नाही, उलट चांगलं आहे, कारण तो जॉइंट सुटत आलाय म्हणजे व्यवस्थित उघडून परत चिकटवता येईल. यात एक मोह टाळायचा, तो म्हणजे हलणाऱ्या जॉइंटमध्ये खिळा ठोकायचा. खिळ्याने दोन दिवस बरं वाटतं, मग लाकूड चिरतं आणि पुढच्या वेळी नीट दुरुस्तीही करता येत नाही. जॉइंट पूर्ण उघडा, लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हलक्या हाताने हातोडी मारा. फार जुन्या खुर्च्यांमध्ये सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला गोंद, लावलेला असतो, तो गरम पाण्याच्या फडक्याने मऊ पडतो आणि खरवडून निघतो. नंतरच्या काळातला पांढरा वुड ग्लू असेल तर पटाशीने किंवा पॉलिश पेपरने घासून काढावा लागतो, आणि तो काढायचाच, कारण नवीन ग्लू जुन्या वाळलेल्या ग्लूवर धरत नाही, त्याला कोरं लाकूड लागतं.

क्लॅम्प नसतील तरी अडत नाही. पायांभोवती दोरीचे दोन वेढे घ्या, गाठ मारा, दोन वेढ्यांच्या मध्ये एक काठी घाला आणि पीळ देत जा, दोरी आवळत जाते आणि जॉइंटमधून ग्लूचा बारीक थेंब बाहेर येतो, तिथे थांबायचं. काठी सुटू नये म्हणून ती खुर्चीच्याच एखाद्या दांडीला अडकवून ठेवायची. दोरीखाली फडक्याची घडी ठेवा नाहीतर लाकडावर वळ उठतात. आणि ग्लू ओला असतानाच खुर्ची सपाट जमिनीवर उभी करून चारही पाय टेकतायत का ते बघा. मी एकदा हे विसरले, दुसऱ्या दिवशी खुर्ची दगडासारखी मजबूत झाली होती आणि तीन पायांवर उभी होती. चोवीस तास हात लावू नका.

उघडताना

फोटो काढा. प्रत्येक थर काढायच्या आधी आणि काढल्यावर, कोपऱ्यांचे जवळून, घडी कुठल्या बाजूला वळवलीय ते दिसेल असे. काम करताना वाटतं की हे तर लक्षात राहील, आठ दिवसांनी काहीही लक्षात राहत नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हातोडी, कात्री, मेजरिंग टेप, खडू, स्टेपल गन, आणि मोठ्या कामाला दाभण आणि एक वाकडी सुई. स्टेपल काढणं हे या सगळ्या उद्योगातलं सगळ्यात कंटाळवाणं काम आहे, एका डायनिंगच्या खुर्चीच्या सीटमधून मी मोजून ७३ स्टेपल काढलेत. स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्टेपलच्या खाली सरकवून एक पाय उचलायचा आणि पक्कडीने धरून ओढायचं. अर्धे तुटतात, आणि तुटलेला तुकडा डोळ्याकडे उडतो, म्हणून गॉगल पाहिजेच. मास्कपण. जुन्या सोफ्यातून जी धूळ निघते ती बघितल्यावर आपण यावर बसत होतो यावर विश्वास बसत नाही. सोबत केसांच्या पिना, पेनांची टोपणं, रिमोटचं झाकण हे निघतंच.

सोफा उघडायचा क्रम असा: आधी तळाचं काळं कापड, मग पाठीची बाहेरची बाजू, मग हातांची बाहेरची बाजू, मग पाठीची आतली बाजू, मग हातांची आतली, शेवटी बैठक. परत मढवताना बरोबर उलटा, म्हणजे बैठक आधी आणि तळाचं कापड शेवटी. का ते काम करताना कळतं, बाहेरचा प्रत्येक तुकडा आतल्या तुकड्याच्या कडा झाकत असतो.

आणि जुनं कव्हर फेकायचं नाही. फाटकं, मळकं, वास येणारं असलं तरी नाही. तेच तुमचं पॅटर्न आहे. प्रत्येक तुकड्यावर खडूने किंवा मार्करने लिहा: हा कुठला, वरची बाजू कुठली, पुढची कुठली, उभा धागा कुठल्या दिशेने जातोय. मी एका सोफ्याचे तुकडे काही न लिहिता पिशवीत भरून ठेवले होते, नंतर डावा हात कुठला आणि उजवा कुठला हे ठरवायला अर्धा दिवस गेला.

आत काय निघतं ते बघायलाही मजा येते. पॉलियुरेथेनचा शोध ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत १९३७ मध्ये लावला आणि त्याचा फोम फर्निचरमध्ये रुळायला १९५०चं दशक उजाडलं, त्यामुळे आत काथ्या, गवत किंवा घोड्याचे केस निघाले आणि फोमचा पत्ताच नसला तर खुर्चीचं वय बरंच असू शकतं. घोड्याचे केस निघाले तर टाकू नका, धुऊन, वाळवून, हाताने पिंजून परत वापरता येतात आणि ते फोमपेक्षा जास्त टिकतात. फोमचं तसं नाही, तो हवेने आणि ओलाव्याने हळूहळू सडतोच, पिवळा पडतो आणि शेवटी चुरा होतो. चुरा व्हायला लागलेला फोम वरून नवीन कापड घालून झाकणं म्हणजे दोन वर्षांनी हेच सगळं परत करणं.

माझ्या एका खुर्चीत सीटच्या पाटीवर, म्हणजे फोमखालच्या फळीवर, आतून पेन्सिलीने गणित केलेलं होतं, आधीच्या कारागिराने कापडाची मापं इंचात लिहून खाली बेरीज मारली होती. मला परत मोजावंही लागलं नाही. याचा विषय शेवटी परत येईल.

पट्टे आणि स्प्रिंगा

बैठकीच्या मधोमध तळहाताने जोरात दाबा. हात खड्ड्यात गेल्यासारखा गेला आणि परत वर आलाच नाही तर पट्टे सैल झालेत, आणि मग वर कितीही भारी फोम घाला, खड्डा पडणारच. लोक इथेच चुकतात. सोफा बसला की फोम बदलतात, खालचा पट्टा बघतच नाहीत.

पट्टे दोन प्रकारचे, तागाचे आणि इलॅस्टिकचे. सुती नवार खाटेला ठीक आहे कारण ती सैल झाली की परत ओढून घेता येते, खुर्चीत एकदा ठोकून वर फोम-कापड केलं की कोण परत ओढणार. तागाचा पट्टा लावताना टोक दीड-दोन इंच दुमडून घ्या आणि दुमडलेल्या जागी चार-पाच चुका, म्हणजे छोटे खिळे, मारा, पण एका रेषेत नाही, वरखाली वरखाली अशा मारा, एका रेषेत मारल्या की लाकूड त्याच रेषेवर चिरतं. मग दुसऱ्या बाजूला नेऊन ताणायचं. ताणायला खास हत्यार मिळतं, नसेल तर हातभर लांबीचा लाकडी ठोकळा घ्या, पट्टा त्याला गुंडाळा, ठोकळा चौकटीच्या कडेला टेकवा आणि तरफेसारखा खाली दाबा. टिचकी मारल्यावर ढोलकीसारखा आवाज आला की चुका मारा. उभे पट्टे आधी लावायचे, मग आडवे पट्टे त्यांच्या एकदा वरून एकदा खालून घालत जायचं, चटई विणतात तसं. दोन पट्ट्यांमध्ये दोन-तीन बोटांपेक्षा जास्त फट नको. इलॅस्टिकच्या पट्ट्याला इतका जोर लागत नाही, तो साधारण दहा टक्के ताणायचा, म्हणजे चौकट ५० सेंटिमीटर असेल तर पट्ट्यावर ४५वर खूण करायची आणि ती खूण ५०पर्यंत ओढून ठोकायची. सगळे पट्टे सारखेच ताणले जावेत म्हणून खूण महत्त्वाची, अंदाजाने केलं की एका बाजूला तिरकी बैठक होते.

नागमोडी स्प्रिंगा असतील तर त्या स्वतः क्वचित तुटतात, त्यांची क्लिप लाकडातून उपटलेली असते. त्याच भोकात परत ठोकू नका, अर्धा इंच बाजूला घ्या. आणि स्प्रिंगांवर गोणपाट ताणून लावल्याशिवाय फोम ठेवू नका, उघडी स्प्रिंग फोमला करवतीसारखी कापत बसते. जुन्या पद्धतीच्या उभ्या गोल स्प्रिंगा सुतळीने आठ दिशांनी बांधलेल्या असतात. सुतळी एक-दोन ठिकाणी तुटली असेल तर तेवढी बांधा, सगळीच गेली असेल तर पहिल्यांदाच करताय तर ते काम जाणकाराकडून करून घ्या, मी अजून घेते.

फोम

फोम घेताना दोन गोष्टींची गल्लत होते. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किलोत, तिच्यावरून फोम किती वर्षं टिकेल ते कळतं. कडक की मऊ हा वेगळा आकडा. मऊ पण जास्त डेन्सिटीचा फोम असतो, आणि कडक पण हलका फोमही असतो, जो दुकानात दाबून बघताना छान वाटतो आणि वर्षात बसतो. रोज बसायच्या सीटला ३२च्या खाली जाऊ नका, ४० असेल तर फारच छान. पाठीला २३पर्यंत चालतो, पाठीवर सगळं वजन येत नाही.

आता घरी तपासायची युक्ती. ५० बाय ५० सेंटिमीटरचा, १० सेंटिमीटर जाडीचा तुकडा म्हणजे ०.०२५ घनमीटर. तो खरंच ४० डेन्सिटीचा असेल तर बरोबर एक किलो भरला पाहिजे, ३२चा असेल तर ८०० ग्रॅम. मला एकदा ४० म्हणून दिलेला तुकडा वजनकाट्यावर ठेवला तर ५९० ग्रॅम, म्हणजे २३-२४चा माल. तेव्हापासून मी फोम आणायला जाताना वजनकाटा घेऊनच जाते, थोडं विचित्र दिसतं, दिसू दे.

जाडी डायनिंगच्या खुर्चीला दोन इंच, सोफ्याच्या बैठकीला चार ते पाच. कापायला कात्री वापरू नका, कात्रीने कड आत दबते आणि वाकडी येते. कटरचं पातं पूर्ण लांब बाहेर काढून, दाब न देता, एकाच रेषेवर चार-पाच वेळा फिरवा. विजेवर चालणारी ब्रेड कापायची सुरी असेल तर लोण्यासारखं कापतं. पाटीपेक्षा फोम सगळ्या बाजूंनी अर्धा सेंटिमीटर मोठा ठेवा, मग कापड ओढल्यावर कड गोल आणि भरलेली दिसते आणि पाटीची टोकं मांडीला टोचत नाहीत. फोमवर पॉलिएस्टर वॅडिंगचा, म्हणजे त्या पांढऱ्या कापसासारख्या शीटचा एक थर घ्या. हा थर लोक वाचवायला बघतात. त्याच्याशिवाय कापड फोमवर घसरत नाही, सुरकुत्या तशाच राहतात आणि कडा चौकोनी खोक्यासारख्या दिसतात. स्प्रे ग्लू वापरताना खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ गॅस, उदबत्ती, सिगरेट काही नको, त्याची वाफ आणि फोम दोन्ही झटकन पेटतात.

आता कापड

आता कुठे मापं घ्यायची. फोम आणि वॅडिंग बसवल्यावर टेप सीटवरून खाली नेऊन पाटीच्या खालच्या बाजूपर्यंत मोजा. समजा सीट ४५ बाय ४२ सेंटिमीटर आहे आणि फोम पाचचा. रुंदीला ४५, अधिक दोन बाजूंचे पाच-पाच, अधिक खाली दुमडायला सात-सात, झाले ६९. खोलीला त्याच हिशोबाने ६६. मी सरळ ७० बाय ७० धरते. कापडाचा पन्हा १४० सेंटिमीटर असेल तर एका ओळीत दोन सीट बसतात, सहा खुर्च्यांना तीन ओळी, म्हणजे दोन मीटर दहा सेंटिमीटर. पन्हा ५४ इंचाचा असेल तर तो १३७च भरतो, मग दुमडायचं माप थोडं कमी करावं लागतं, चालून जातं. पण मोठं डिझाइन असेल, समजा ४० सेंटिमीटरवर परत येणारं फूल, आणि ते प्रत्येक सीटच्या मधोमध यायला पाहिजे, तर हा हिशोब संपला, ओळीमागे एक डिझाइन जास्त धरा, आणि फूल मधोमध येण्यासाठी कदाचित एका ओळीत एकच सीट बसेल. पहिल्यांदा करताना साधं कापड घ्या. पट्ट्यांचं कापड तर नकोच, पट्टे अर्धा सेंटिमीटर तिरके गेले तरी खोलीच्या दारातून दिसतात, मला विचारा.

टिकाऊपणाला मार्टिनडेल नावाचा एक आकडा असतो, कापडाचा तुकडा मशीनवर लोकरीच्या कापडाने घासतात आणि किती वेळा घासल्यावर ते झिजलं ते मोजतात. रोजच्या वापराच्या सोफ्याला २०,०००च्या पुढचा आकडा बघा, शोभेच्या खुर्चीला १०,००० पुरतो. पडद्याचं कापड सोफ्याला घालू नका, ते कितीही जाड वाटलं तरी लटकायला बनवलेलं असतं, घासायला नाही. सुती कापड आधी धुऊन घ्या, ते आटतं. चामड्यासारखं दिसणारं पीयू कापड मला आवडत नाही, दमट हवेत काही वर्षांत त्याचे पोपडे निघतात आणि ते कपड्यांना चिकटतात. मांजर असेल तर गाठीगाठींचं, सैल विणीचं कापड नको, नखं त्यातच अडकतात, त्यापेक्षा दाट मखमल बरी.

मखमलीवर हात फिरवा, एका दिशेने गुळगुळीत लागते आणि उलट दिशेने रंग गडद होतो. ती गुळगुळीत दिशा पाठीवर वरून खाली आणि बैठकीवर मागून पुढे आली पाहिजे, सगळ्या खुर्च्यांवर सारखी. जागा वाचवायला एक तुकडा उलटा कापला तर एकाच कापडाच्या दोन खुर्च्या दोन रंगांच्या दिसतात.

मढवणं

कापड उलटं पसरा, त्यावर वॅडिंग, त्यावर फोमची बाजू खाली करून सीट. आधी पुढच्या कडेच्या मधोमध एक स्टेपल. मग मागच्या कडेच्या मधोमध ओढून एक. मग डावी, मग उजवी. आता सीट उचलून समोरून बघा, धागे सरळ आहेत का, डिझाइन मधोमध आहे का. नसेल तर चारच स्टेपल काढायचेत. असेल तर परत उलटी करून मधूनच दोन्ही बाजूंना सरकत जा, पुढे दोन, मागे दोन, डावीकडे दोन, उजवीकडे दोन, आणि कोपऱ्याच्या तीन बोटं अलीकडे थांबा. एक कड पूर्ण ठोकून मग दुसरीकडे गेलात तर कापड तिरकं ओढलं जाणार हे नक्की. गुडघ्याने सीट दाबून धरली की फोम दबतो आणि कापड चांगलं ताणलं जातं. किती ताणायचं? वरून तळहात फिरवला तर कापड हाताबरोबर सरकू नये, पण कडेला फोम दबून ओळ पडली असेल तर जास्त झालं. स्टेपल ८ ते १० मिलिमीटरचे पुरतात, लाकडात अर्धवट राहिले तर हातोडीने बसवा.

कोपरे सगळ्यात शेवटी. कोपऱ्याचं टोक सरळ पाटीच्या मध्याकडे ओढून एक स्टेपल मारा. आता दोन्ही बाजूंना दोन कान उभे राहतील. खालचं जादा कापड कात्रीने थोडं कमी करा, पण कडेपासून बोटभर लांब, नाहीतर भोक पडेल, मग एक कान आत दुमडून घडी कोपऱ्याच्या रेषेवर आणा आणि ठोका. चारही कोपऱ्यांवर घडी एकाच पद्धतीने वळवायची, समोरून बघताना दोन्ही घड्या बाजूला तोंड करून असल्या की बरं दिसतं. गोल सीटला हा प्रश्नच नाही, चार दिशांना चार, मग त्यांच्या मध्ये चार, मग त्यांच्या मध्ये, अशा बारीक चुण्या वाटत वाटत जायचं.

सीट खालून स्क्रूने बसत असेल तर स्क्रूच्या भोकांवर कापड येऊ देऊ नका. आलंच तर दाभणाने भोक मोकळं करून घ्या. मी एकदा तसाच स्क्रू फिरवला, स्क्रूने एक धागा पकडला आणि तो सीटच्या वरपर्यंत ओढत नेला, झालेल्या कामावर आडवी रेघ.

शेवटी तळाला मांजरपाटाचा तुकडा कडा दुमडून लावून टाका, स्टेपल झाकले जातात आणि धूळ वर जात नाही.

सोफ्याला हेच सगळं, फक्त मोठं. जुन्या तुकड्यापेक्षा नवीन तुकडा सगळीकडून दोन इंच मोठा कापा, ओढायला हाताला धरायला काहीतरी पाहिजे ना. पाठीच्या बाहेरच्या बाजूची वरची कड सरळ यायला आत पुठ्ठ्याची पट्टी ठेवून ठोकतात आणि बाजूच्या कडा वाकड्या सुईने आतून टाके घेत शिवतात, बाहेर काही दिसत नाही. सुट्या गाद्यांना कव्हर फोमपेक्षा एक सेंटिमीटर लहान शिवा, मग गादी भरलेली दिसते. बटणांचे खड्डे असलेली किंवा पंखांची गोलाकार खुर्ची पहिल्या फटक्यात करू नका, आधी चार साध्या सीट होऊ द्या.

लाकूड

याचं वेगळं पुराण होईल म्हणून थोडक्यात. लाकडाचं काम कापडाच्या आधी. रंग उतरवायच्या आधी कुठेतरी लपलेल्या जागी कापसावर स्पिरिट घेऊन लावा, पॉलिश चिकट झालं तर ते लाखेचं आहे आणि ते खरवडायची गरज नाही, साफ करून वरून हलक्या हाताने नवीन लाख-पॉलिश दिलं की जुन्यात मिसळतं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, असा रंग कोरडा घासू नका, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर ते काम घरात करूच नका. पॉलिश पेपर १२०, १८०, २२० असा चढत जायचं, नेहमी रेषांच्या दिशेने. वर पातळ विनिअर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, असेल तर मशीन लावू नका, ते एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं, डोळा लवेपर्यंत खालचा प्लाय दिसायला लागतो. भोकं आणि चिरा लांबीने, म्हणजे लाकडाच्या पुट्टीने, भरा.

जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा झालेल्या फडक्यात ती कोंडून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मोकळ्या हवेत एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवा.

वेताची सीट नुसती लोंबत असेल, तुटलेली नसेल, तर खालच्या बाजूने गरम पाण्याचं फडकं ठेवून भिजवा आणि रात्रभर वाळू द्या, वेत आकसतो आणि सीट परत ताठ होते. तुटली असेल तर चौकटीत भोकं आहेत का खाच आहे ते बघा. भोकं म्हणजे हाताने विणलेली, तिला वेळ लागतो. खाच म्हणजे विणलेली शीट पाण्यात भिजवून खाचेत दाबून बसवलेली, ती घरी जमते. मिखाएल थोनेटची १८५९ची ती १४ नंबरची वाकवलेल्या लाकडाची खुर्ची वेताच्या सीटचीच, सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, बास. सगळं उघडतं, सगळं बदलतं, म्हणून त्या अजून वापरात दिसतात.

दुसरंच काहीतरी करायचं असेल तर

माझं मत थोडं खडूस आहे. खुर्ची खुर्ची म्हणून चालत असेल तर तिची कुंडी करू नका. पण काही वस्तूंचं मूळ कामच संपलेलं असतं. जुन्या डब्बा टीव्हीचं खोल कपाट, त्यात आता टीव्ही कोण ठेवणार, पण ती खोली चादरी-पांघरुणांना एकदम बरोबर, मध्ये एक फळी टाकली की झालं. मोडलेल्या कपाटाचे ड्रॉवर चाकं लावून पलंगाखाली जातात. पायाने चालवायच्या शिलाई मशीनचा लोखंडी स्टँड, वर जाड फळी टाकून टेबल होतं, फक्त पायटा आधी बांधून टाका, नाहीतर प्रत्येक जण बसल्या बसल्या तो हलवत बसतो. बाळाचा जुना पाळणा किंवा कठड्याची खाट मात्र परत बाळासाठी वापरू नका, गजांमधलं अंतर आणि जुने जॉइंट यांचा भरवसा नसतो. एका बाजूचा कठडा काढून लहान मुलाचं टेबल करा. उंच कपाट किंवा फळ्यांचं काहीही बनवलं तर भिंतीला पक्कं करा, ते मुलांच्या अंगावर पडतं.

मालवाहतुकीचे लाकडी पॅलेट वापरणार असाल तर त्यावरचा शिक्का वाचा. एचटी म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर निदान अर्धा तास तापवलंय, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलाय, ते सोडा. शिक्काच नसला किंवा डाग पडलेले असले तरी सोडा, त्यावर काय सांडलं होतं कुणास ठाऊक.

आणि ते पेन्सिलीचं. तळाचं मांजरपाट लावायच्या आधी पाटीवर आतल्या बाजूला लिहून ठेवा: तारीख, फोमची जाडी आणि डेन्सिटी, एका सीटला किती कापड लागलं, पन्हा किती होता. उरलेल्या कापडाचा एक वीतभर तुकडा घडी करून तिथेच दोन स्टेपलने अडकवा, कोपरा झिजला की ठिगळाला त्याच रंगाचं कापड कुठेच मिळत नाही. मग मांजरपाट ठोका. स्प्रे ग्लू वापरला असेल तर वास जाईपर्यंत एक दिवस खुर्ची उघड्या खिडकीजवळ ठेवा, आणि तोपर्यंत घरच्यांना बसू देऊ नका.